कार्डाचा वेग कुणाला विचारायचा?

पौषात पालच्या यात्रेत खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडारा उधळला जातो आणि तारळीचा काठ पिवळाधमक होतो. कॅमेरे घेऊन गेलेली पोरं परतताना उंब्रजला थांबतात, चहा सांगतात आणि चहा यायच्या आत कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून मोबाइलमध्ये सरकवतात. खट्. क्षणभर काही नाही, मग पडद्यावर पिवळे फोटो. मधल्या त्या क्षणात मोबाइल आणि कार्ड एकमेकांशी काय बोलले, हे कुणी विचारत नाही.

बोलतात ते भलतंच. कार्ड खाचेत बसतं तेव्हा मोबाइलला त्याच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं. कोणत्या कंपनीचं, किती जागेचं, किती वेगाचं, किती व्होल्ट सोसणारं, काही नाही. म्हणून बोलणं अगदी सावकाश सुरू होतं, सेकंदाला चार लाख ठोक्यांच्या म्हणजे ४०० किलोहर्ट्झच्या घड्याळावर. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतं. त्यातला कार्डं हाताळणारा भाग ४०० वर उत्तर आलं नाही तर ३०० वर विचारून बघतो, मग २०० वर, शेवटी १०० वर. उत्तर आलं की पुढचे प्रश्न. तू कोण? कार्ड निर्मात्याचा क्रमांक, स्वतःचा अनुक्रमांक, बनल्याचं वर्ष आणि महिना सांगतं. तुझा पत्ता काय धरू? एसडी कार्ड स्वतःच स्वतःचा पत्ता सुचवतं आणि मोबाइल तो मान्य करतो. मोबाइलच्या बोर्डावर कायमची बसवलेली ईएमएमसी चिप मात्र मोबाइल देईल तो पत्ता मुकाट घेते.

मग येतो वेग वाढवायचा भाग, आणि हा मला सगळ्यात अजब वाटतो. कार्ड वेगवान जातीचं असेल तर दोघं ठरवतात की आता ३.३ व्होल्ट सोडून १.८ वर यायचं. त्यासाठी घड्याळ किमान ५ मिलिसेकंद थांबवलं जातं. त्या शांततेत दोघंही दाब बदलतात, आणि घड्याळ पुन्हा सुरू झालं की तारा वर उचलून कार्ड कळवतं की माझं झालं. पुढे घड्याळ २०८ मेगाहर्ट्झपर्यंत चढू शकतं. सुरुवातीच्या ४०० किलोहर्ट्झच्या ते ५२० पट आहे. एका ठोक्याला ४.८ नॅनोसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा दीड मीटरच्या आतच पोचतो. इतक्या घाईत तारेवरचा बिट नेमका कोणत्या क्षणी वाचायचा? त्यासाठी कार्ड ६४ बाइटांचा एक ठरलेला नमुना पुन्हा पुन्हा पाठवतं. मोबाइल वाचण्याचा क्षण कणभर मागे, कणभर पुढे सरकवत बघतो आणि जिथे नमुना बिनचूक वाचता येतो तिथे मुक्काम ठोकतो. नखाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्याबरोबर हे सगळं होतं, आणि चहा अजून आलेला नसतो.

एकदा वेग ठरला की तो लक्षात ठेवावा लागतो. पुढे डझनभर ठिकाणी ड्रायव्हरला प्रश्न पडणार असतो की हे कार्ड आत्ता कोणत्या वेगात आहे. ड्रायव्हर म्हणजे कर्नलमधला तो भाग, जो एकेका उपकरणाची भाषा जाणतो. वीज किती द्यायची, झोपेतून उठल्यावर काय करायचं, नोंदीत काय छापायचं, हे सगळं या उत्तरावर ठरतं. उत्तर लक्षात ठेवायची सोपी रीत म्हणजे फ्लॅग. एक बिट घ्यायचा, १ असेल तर हो, ० असेल तर नाही. फ्लॅग फुकटात मिळतो आणि एका ओळीत लागतो. म्हणूनच तो धोकादायक.

लिनक्सच्या एमएमसी विभागात, म्हणजे कार्डं हाताळणाऱ्या त्याच भागात, काय झालं ते बघण्यासारखं आहे. हाय-स्पीड कार्डांसाठीचा आधार २००६-०७ च्या सुमारास आला, तेव्हा वेगाची नोंद दोन जागी झाली. यजमानाच्या बाजूला, म्हणजे कार्डाची खाच चालवणाऱ्या कंट्रोलरच्या माहितीत, 'टायमिंग' नावाचं एक पद होतं. आत्ता तारांवर कोणती चाल चालू आहे, ते त्यात लिहिलेलं असे. आणि कार्डाच्या बाजूला, त्याच्या 'स्टेट' नावाच्या पदात, 'हायस्पीड' असा एक फ्लॅग. ज्याने हे केलं तो काही अडाणी नव्हता. कार्डाची गोष्ट कार्डापाशी, कंट्रोलरची गोष्ट कंट्रोलरपाशी, हा विचार कागदावर नीटसच आहे. पण वेग काही एकट्या कार्डाचा नसतो. तो दोघांमधल्या तारांचा असतो आणि दोघांना तो एकच असावा लागतो. म्हणजे नोंदी दोन असल्या तरी वस्तुस्थिती एकच होती.

मग नवनवे वेग येत गेले आणि प्रत्येक जण आपला फ्लॅग सोबत घेऊन आला. घड्याळाच्या चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे माहिती पाठवणाऱ्या डीडीआरसाठी एक फ्लॅग. लिनक्सच्या ३.० या आवृत्तीत, २०११ साली, एएमडीच्या अरिंदम नाथ यांच्या पॅचांमधून, म्हणजे कोडात सुचवलेल्या बदलांमधून, एसडीचा यूएचएस वेग आला, त्याला 'अल्ट्रा हायस्पीड' असा एक. ईएमएमसीच्या २०० मेगाहर्ट्झवाल्या एचएस २०० या चालीला 'हायस्पीड २००' असा आणखी एक. एकूण चार. आणि तिकडे टायमिंगच्या पदातही प्रत्येक नव्या चालीला एकेक क्रमांक मिळत होताच.

चार बिट म्हणजे सोळा शक्यता. त्यातल्या पाच-सहाच खऱ्या जगात असू शकतात. एखादं कार्ड एकाच वेळी यूएचएस आणि एचएस २०० मध्ये असूच शकत नाही, कारण पहिली चाल एसडीची आणि दुसरी ईएमएमसीची. पण बिटांना ते कुठे माहीत? चारही १ केले तरी संगणक तक्रार करणार नाही. शिवाय काही जोड्या रास्तही होत्या. डीडीआरमध्ये गेलेल्या चिपवर 'हायस्पीड' आणि 'डीडीआर' असे दोन्ही फ्लॅग उभे असत. त्यामुळे नुसता हायस्पीडचा बिट पाहून काही नक्की सांगता येत नसे, दुसराही पाहावा लागे. आणि कोणता आधी पाहायचा, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

सातबाराशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना हे दुखणं नवं नाही. खरेदीखत झालं की तलाठी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती मंजूर करतो, मग सातबारावर नाव बदलतं आणि खात्याचा आठ-अ देखील बदलावा लागतो. जमीन एक, मालकी एक, पण ती लिहिलेली तीन ठिकाणी. एका ठिकाणचं नाव बदलायचं राहून गेलं की कर्जाच्या वेळी बँकेत शोध लागतो, आणि मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज. कागद खोटं बोलत नसतो, त्याला नवी बातमी कळलेली नसते एवढंच.

ड्रायव्हरमध्ये अर्ज करायला कुणी नसतं. तिथे ही दुरुस्ती प्रत्येक वेळी, प्रत्येक वाटेवर, कोड लिहिणाऱ्याने आठवणीने करायची असते. एमएमसीच्या जुन्या कोडात याचा बोलका पुरावा होता. चिपला हार्डवेअर रीसेट दिला की ती पुन्हा सावकाश वेगावर येते, म्हणून तिथे फ्लॅग पुसायची ओळ होती. ती पुसायची 'हायस्पीड' आणि 'हायस्पीड डीडीआर'. मोबाइल झोपी जाताना ईएमएमसी चिपचेही फ्लॅग पुसले जात. तिथली ओळ पुसायची 'हायस्पीड' आणि 'हायस्पीड २००'. काम एकच, चिप परत सावकाश झाल्याची नोंद करणं, पण दोन ठिकाणच्या याद्या वेगळ्या. ज्या काळात जो वेग नवा होता, त्याची आठवण ज्याला जिथे झाली, तिथे तो यादीत शिरला. मला ही दोन ओळींची विसंगती एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीसारखी वाचता येते. टायमिंगचं पद मात्र त्याच रीसेटनंतर निमूटपणे 'जुनी सावकाश चाल' असं बदललं जात होतं आणि एवढंच पुरेसं होतं.

२०१४ मध्ये सॅमसंगच्या सुंगवॉन जिऑन यांनी यावर हात चालवला. त्यांना खरं तर ईएमएमसी ५.० ची नवी चाल बसवायची होती. एचएस ४०० तिचं नाव. २०० मेगाहर्ट्झ, दोन्ही काठांवर माहिती, आठ तारा, मिळून सेकंदाला ४०० मेगाबाइट. रिवाजाप्रमाणे आणखी एक फ्लॅग लावून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी आधी घर झाडलं. त्यासाठी पाठवलेल्या पॅचांच्या मालिकेतल्या एका पॅचने वेगाचे सगळे फ्लॅग काढून टाकले. कारण दोन वाक्यांत मावेल इतकं साधं. टायमिंग तेच काम करतं, म्हणून वेगाच्या या नोंदी नकोत. त्या वेळी एमएमसी विभाग सांभाळणारे ख्रिस बॉल यांनी तो घेतला, उल्फ हॅन्सन यांनी संमती दिली आणि ३ ऑगस्ट २०१४ ला आलेल्या लिनक्स ३.१६ मध्ये तो जगभर गेला. नवी चाल त्याच मालिकेत, झाडलोट झाल्यावर आली.

(ख्रिस बॉल यांच्यावरून एक आठवण. ते पूर्वी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पात होते. त्या प्रकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याकडेच, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका छोट्या शाळेत झाला. त्या लॅपटॉपला पडद्याखाली एसडी कार्डाची खाच होती.)

फ्लॅग गेले, मग आता वेग कुणाला विचारायचा? इथे मला खरं कौतुक वाटतं. प्रश्न तसेच राहिले, साठवलेली उत्तरं तेवढी गेली. 'हे कार्ड हायस्पीडमध्ये आहे का?' असं विचारणारं एक छोटं फंक्शन ठेवलं. ते कुठलाही बिट वाचत नाही. ते कंट्रोलरचं टायमिंग पाहतं: एसडीची हायस्पीड चाल आहे का, की एमएमसीची? यातलं काही असेल तर हो. 'यूएचएसमध्ये आहे का?' टायमिंगचा क्रमांक यूएचएसच्या पहिल्या आणि शेवटच्या चालीच्या दरम्यान येतो का ते पाहायचं. उत्तर दर वेळी नव्याने काढलं जातं, म्हणून ते शिळं होऊच शकत नाही. आणि टायमिंगच्या पदात एका वेळी एकच क्रमांक मावतो, त्यामुळे 'यूएचएस आणि एचएस २०० एकदम' ही अशक्य गोष्ट आता लिहिताच येत नाही. पूर्वी ती लिहिता येत होती आणि कुणी लिहू नये म्हणून सगळे जपत होते. रीसेटच्या आणि झोपेच्या वेळच्या त्या वेगवेगळ्या याद्याही गेल्या, कारण पुसायला काही उरलंच नाही.

कर्नलच्या जगात अशा कामाची प्रतिष्ठा चमत्कारिक आहे. कर्नलच्या ओळी तेव्हाच दीड कोटीच्या वर होत्या, आणि रोज शेकडो पॅच येतात. त्यातल्या झाडलोटीच्या पॅचसोबत बहुधा एक वाक्य असतं, वागणुकीत काही बदल नाही. लेखकाची सगळी फुशारकी एवढीच, की माझ्या कामानंतर कुणाला काही वेगळं जाणवणार नाही. आणि हे सिद्ध करणं नवीन काही बनवण्यापेक्षा अवघड असतं. नवी गोष्ट चालली की दिसते. जुनी गोष्ट काढल्यावर काहीच बिघडलं नाही हे दाखवायला मात्र ती जिथे जिथे वापरली जात होती ती प्रत्येक वाट चालून पाहावी लागते. उंब्रज किंवा कराडच्या मोबाइल दुकानांत २०१४ नंतर कार्डं घालताना काही वेगळं घडल्याचं कुणाला आठवत असेल, तर ते या पॅचमुळे नक्कीच नव्हे.

आता एक इशारा, कारण झाडलोटीचा झपाटा चढला की माणूस कामाचं सामानही बाहेर काढतो. त्याच 'स्टेट' पदात 'प्रेझेंट' नावाचा एक फ्लॅग आहे आणि 'रिमूव्ह्ड' नावाचाही. नावं वाचून कुणालाही वाटेल की ही एकाच नाण्याची दोन तोंडं, एक ठेवा, दुसरा काढा. पण 'प्रेझेंट'समोर कोडात टीप आहे, ती सांगते की हा फ्लॅग म्हणजे कार्ड सिस्टिमच्या यादीत नोंदलेलं आहे एवढंच. 'रिमूव्ह्ड' म्हणजे कार्ड प्रत्यक्ष खाचेतून ओढून काढलंय, आता त्याला आदेश पाठवू नका. कुणी कॉपी चालू असताना कार्ड ओढलं, की काही क्षण असे येतात जेव्हा कार्ड खाचेत नाही पण यादीत अजून आहे. त्या क्षणी दोन्ही फ्लॅग १ असतात आणि दोन्ही खरे असतात. मधल्या त्या काळात ड्रायव्हर शहाण्यासारखा वागतो तो याच जोडीमुळे. म्हणजे नावं विरुद्ध असली तरी नोंदी दोन वेगळ्या सत्यांच्या आहेत. हायस्पीडच्या बाबतीत उलट होतं, नावं वेगळी आणि सत्य एक. हा फरक नुसतं नाव वाचून कळत नाही. कोण लिहितं, केव्हा लिहितं, कोण वाचतं, ते पाहावं लागतं. माझ्या मते झाडलोट करणाऱ्याचं सगळं कसब इथेच आहे.

यात एक विरोधाभासही आहे. साठवणुकीचं सगळं शास्त्र प्रतींवर उभं आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली ती स्वस्त डिस्का अनेक लावा आणि जास्तीची माहिती ठेवा म्हणूनच. फोटोंच्या दोन प्रती ठेवा, हे आपण सगळ्यांना सांगतो. आणि त्याच डिस्क चालवणाऱ्या कोडात एका गोष्टीच्या दोन नोंदी म्हणजे आजार! पण नीट पाहिलं तर यात भांडण नाही. फोटो एकदा काढला की बदलत नाही, त्याची प्रत कायम खरी राहते. स्थिती सेकंदागणिक बदलते, तिची प्रत काढताक्षणी जुनी व्हायला लागते. शिवाय रेडमध्ये दोन डिस्कांचं जमलं नाही तर ते शोधायची आणि दुरुस्त करायची पद्धत ठरलेली असते. फ्लॅग आणि टायमिंग यांचं जमलं नाही तर खरं कोण, हे ठरवायला कुणीच नव्हतं.

हा धडा लिनक्सच्या इतर भागांनीही आपापल्या वाटेने गिरवला आहे. स्कझी डिस्कांचा भाग उपकरणाची अवस्था एकाच पदात ठेवतो: नुकतं बनलं, चालू, थांबवलेलं, ऑफलाइन, काढून टाकलेलं. ती बदलायची तर एकाच फंक्शनमधून जावं लागतं आणि ते फंक्शन गैर उडी नाकारतं. काढून टाकलेली डिस्क थेट 'चालू' होऊ शकत नाही. आजच्या लॅपटॉपमधल्या एनव्हीएमई डिस्कांच्या ड्रायव्हरमध्ये क्रिस्तोफ हेलविग यांनी २०१६ मध्ये, ४.७ आवृत्तीसाठी, कंट्रोलरच्या अवस्थांचं असंच यंत्र बसवलं: नवा, सुरू, रीसेट होतोय, काढला जातोय. त्याच एनव्हीएमईच्या टार्गेट ड्रायव्हरच्या मेंटेनरांत, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्यांत, आज चैतन्य कुलकर्णी हे नाव आहे. कर्नलच्या मेंटेनरांची यादी कुणालाही वाचता येते, तिथे दिसेल.

कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, किंवा कुठल्याही महाविद्यालयातल्या, ज्यांना कर्नल म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचं वाटतं त्यांच्यासाठी एवढंच. लिनक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये एक कार्ड घाला आणि टर्मिनलवर 'डीमेसेज' (dmesg) चालवा. नवीन हायस्पीड किंवा अल्ट्रा हायस्पीड कार्ड अमुक पत्त्यावर आलं, अशी ओळ दिसेल. मग डीबग फाइल-सिस्टिममध्ये त्या कार्डाच्या खाचेच्या नावाचं फोल्डर शोधा आणि त्यातली 'आयओएस' (ios) ही फाइल उघडा. घड्याळ, व्होल्टेज, तारांची संख्या आणि टायमिंगचा क्रमांक ओळीने छापलेला असेल. त्यानंतर गिटमध्ये, म्हणजे कर्नलच्या कोडातल्या बदलांच्या नोंदवहीत, २०१४ चा तो पॅच काढून वाचा. त्यातल्या काढलेल्या ओळी एका बैठकीत समजतात, आणि कर्नल वाचायला सुरुवात करण्यासाठी यापेक्षा सोपी जागा मला माहीत नाही.